तळघर चोख आहे

कुलूपवाले काका म्हणून त्यांना हाक मारणारे आता गल्लीत दोन-चारच उरले होते. चाळीस वर्षं माणसाने कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या, आणि नाव काय पडलं? नाकवाले काका! आणि ते का पडलं हे आधी सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्या नाकापायीच झाला.

त्या गल्लीत प्रत्येक घराच्या मागे भाजीचा तुकडा आणि खाली तळघर. बर्फ पडायच्या आधी सगळे कंबर कसून जमीन खणायचे. गाजरं आणि बीट ओलसर वाळूत थर देऊन पेट्यांत, बटाटे फटी ठेवलेल्या लाकडी पेट्यांत, अंधारात. मग चार महिने बाहेर काही उगवत नाही, खाली जे आहे ते खायचं. आणि खाली काय होतं? एखादा बटाटा कुजतो. एकच. पण तो शेजारच्याला ओला करतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि पंधरा दिवसांत अख्खी पेटी चिखल होते. तो पहिला बटाटा वेळेत सापडला तर हिवाळा वाचला. इतर लोक त्यासाठी पेट्या उपसत बसायचे. काका तिसऱ्या पायरीवर उभे राहायचे, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, “डावीकडची खालची पेटी. मागचा कोपरा. बीट आहे.” लोक जाऊन बघायचे तर अगदी तिथेच, आणि बीटच!

काही बिघडलेलं नसेल तर काका एकच शब्द बोलायचे. “चोख.” तो शब्द ऐकला की माणूस निर्धास्त झोपायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी काका तापाने आडवे झाले. तीन आठवडे काकूंनी उशापायथ्याशी बसून काढले. ताप गेला, खोकला गेला, अंगात ताकद आली, पण वास काही परत आला नाही. पहिल्यांदा अंघोळ करताना त्यांच्या लक्षात आलं. साबण नाकाला लावला तरी काही नाही. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली, महिनाभर पाहिली. स्वयंपाकघरात कोणी नसताना कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही.

सांगितलं का कोणाला? छे! आता तुम्ही म्हणाल, त्यात लपवण्यासारखं काय होतं? अहो, दुकान बंद झालं होतं, नजर कमी झाली होती, बारीक किल्ली घासायची तर भिंग लागायचं. दारावर थाप पडायची ती फक्त त्या नाकासाठी. “काका, जरा येता का आमच्याकडे?” हे ऐकलं की माणूस टोपी शोधायला लागायचा. ते सोडायचं म्हणजे उरलं काय? घरात बसून भिंतींकडे बघायचं.

मग काकांनी युक्ती काढली. दर सोमवारी ते आपल्या तळघरात उतरायचे आणि दोन तास वर यायचे नाहीत. एकेक बटाटा हातात घेऊन चाचपायचे, वाळूत बोटं खुपसून एकेक गाजर तपासायचे. कुलपाच्या आतला खटका ज्या बोटांना कळायचा, त्यांना मऊ पडलेलं बीट कळणार नाही होय? वर आले की हात धुवायचे आणि म्हणायचे, “वास घेतला. चोख आहे.” आणि संध्याकाळी जेवायला बसले, ताटलीतून वाफ निघाली की म्हणायचे, “वा! काय वास सुटलाय!” लग्न झाल्यापासून हे वाक्य ते रोज म्हणत आले होते. वास गेल्यावरही म्हणतच राहिले. वाफ दिसली की म्हणायचं, एवढंच.

गल्लीतल्यांना मात्र ते टाळायचे. सर्दी आहे, पाय दुखतोय, उद्या बघू. तरी तीन जणांकडे जावंच लागलं होतं. तिन्ही ठिकाणी “चोख” म्हणून ते सुटले, आणि नशीब एवढं चांगलं की तिथे खरंच सगळं धड निघालं.

त्या दिवशी मात्र बसवाली आली.

बसवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली. लांबच्या मार्गावरची बस चालवायची. दुपारी निघाली की दुसऱ्या दिवशी दुपारी परत. तेवढ्यापुरत्या तिच्या दोघी मुली बहिणीकडे राहायच्या. तिने त्या वर्षी पहिल्यांदाच मागची जमीन खणली होती. काकूंनी तिला बी दिलं, वाफे करायला शिकवलं, गुडघे दुखत असताना तिच्याबरोबर चिखलात बसल्या. चौदा पेट्या भरल्या तेव्हा ती बाई पेट्यांवर हात ठेवून रडली होती. “काकू, या वर्षी मुलींना विकतचं काही लागणार नाही,” असं दहादा म्हणाली होती.

“काका, आज रात्रीपासून कडाका पडणार म्हणतात,” ती दारातून बोलली. गणवेश अंगावर होता. “आठ दिवस राहणार आहे. त्याआधी एकदा येऊन वास घ्या ना. माझं पहिलंच वर्ष आहे, खाली येतो तो वास मातीचा की कशाचा, मला काही कळत नाही.”

“मला जरा सर्दी...” काकांनी सुरुवात केली.

“काय सर्दी?” काकू आतून ओरडल्या. “सकाळपासून एक शिंक ऐकली नाही मी! जा की, पोर दारात उभी आहे.”

गेले. दुसरं काय करणार?

बसवालीचं तळघर छोटं होतं, छत डोक्याला लागेल एवढं. काका तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. बसवाली खाली दिवा धरून उभी होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होती. काकांनी डोळे मिटले, श्वास घेतला. थंड हवा आत गेली, बस. दुसरा श्वास घेतला. चौदा पेट्या उपसून बघू दे म्हणावं, तर ती विचारणार, का? नाकवाल्या काकांना कधीपासून हाताची गरज पडायला लागली?

“बघतो जरा मागे,” असं म्हणून ते उतरले आणि मागच्या रांगेतल्या खालच्या पेटीत त्यांनी फटीतून हात घातला. बोटांना ओलं लागलं. चिकट. काकांनी हात मागे घेतला आणि न बघता बाहीला पुसला. भिंतीला ओल असते, त्यांनी स्वतःला सांगितलं. नवीन वाळू आहे, पाणी जास्त पडलं असेल.

बोटांनी खरं ते सांगितलं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं नाही. कुलूपवाल्याने असं कधी केलं नसतं. नाकवाल्याने केलं.

“चोख,” काका म्हणाले.

“खरंच?” बसवालीचा चेहरा उजळला.

“खरंच. आता झरोका आतून घट्ट बंद कर, गोणपाट कोंब. आणि पंधरा दिवस दार उघडू नकोस. थंडी आत येईल.” पंधरा दिवस का, हे काकांचं काकांना माहीत होतं. तेवढे दिवस कोणी विचारणार नव्हतं.

ती इतकी खूश झाली की तिने तिथल्या तिथे झरोका बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली जुडग्यात अडकवली. मग कामाला पळाली.

काका घरी आले. काकू टेबलाशी गाजरं सोलत होत्या. काका शेजारून गेले आणि काकूंचा हात थांबला.

“अहो, कुठे हात घातलात?”

“कुठे म्हणजे?”

“बाहीला घाण येतीये. कुजक्या बटाट्याची.” काकूंनी त्यांचा हात धरून बाही नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. “शी! हे तर चांगलंच सडलेलं आहे. आपल्याकडे?”

“हो... आपल्याकडेच असेल,” काका म्हणाले. “सकाळी खाली गेलो होतो ना.”

काकू गाजर टाकून उठल्या. गुडघे धरत धरत तळघरात उतरल्या. काका वर उभे राहिले, पायऱ्या मोजल्यासारखे ऐकत. खाली शांत होतं. मग काकू वर आल्या आणि कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

“खाली काही नाही. स्वच्छ आहे. मग हा वास कुठला?”

काकांनी हात पाठीमागे नेला.

“बसवालीकडचा? अहो, मग तिला सांगितलंत ना? काढले ना तिने?” काकूंचा आवाज चढला. “काय सांगितलंत तिला?”

“चोख म्हणालो.”

“चोख? बाहीचा वास दारातून येतोय मला, आणि तुम्हाला तिथे उभं राहून आला नाही?”

“नाही आला,” काका म्हणाले. “मला वास येत नाही. त्या तापापासून. दोन वर्षं झाली.”

काकू खुर्चीवर बसल्या. काकांना वाटलं होतं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. सोललेली गाजरं त्यांनी एकीकडे सारली.

“म्हणजे रोज संध्याकाळी,” त्या म्हणाल्या, “मी वाढायचे आणि तुम्ही ‘वा, काय वास सुटलाय’ म्हणायचात. ते सगळं?”

“अगं...”

“दोन वर्षं? रोज? मी वेडी, त्या एका वाक्यासाठी दुपारपासून ढवळत बसायचे!”

काकांनी खाली पडलेलं गाजर उचलून टेबलावर ठेवलं.

काकूंनी डोळे पुसले, ते हाताच्या पाठीनेच, कारण बोटांना गाजराचा रस होता. “माझं नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीचं काय? झरोका बंद करायला लावलात?”

“हो.”

“दार?”

“पंधरा दिवस उघडू नको म्हणालो.”

“अहो, देवा!” काकू उठल्या. “दिवस मावळला की कडाका सुरू होणार. मग आठ दिवस दार उघडता येणार नाही. उघडलं तर बाकीचं गोठणार, नाही उघडलं तर आतल्या आत सगळं कुजणार. आजची दुपार गेली की संपलं. चौदाच्या चौदा!”

काका टोपी न घालताच बाहेर पडले.

बसवालीच्या घराच्या बाजूला, चार पायऱ्या खाली, तळघराचं दार होतं. दाराला साधं कुलूप. काकांनीच सहा वर्षांपूर्वी बसवलेलं. खिशात तार होती. ती कायम असायची. डोळे मिटून, बोटांनी, एका मिनिटाचं काम. आत जायचं, कुजलेलं काढायचं, पुन्हा कुलूप लावायचं. बसवालीला कळणार नाही. गल्लीला कळणार नाही. उद्या ती हसत भेटेल आणि म्हणेल, काका, तुमचं नाक म्हणजे नाक!

काकांनी तार हातात घेतली. कुलूप तळहातात धरलं. ते थंड होतं.

चाळीस वर्षांत किती लोक किल्ली हरवली म्हणून दाराशी उभे राहिले असतील. नवऱ्याचं कपाट उघडून द्या म्हणणारी बायको आली, भावाची पेटी उघडून द्या म्हणणारा भाऊ आला. काकांनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं: ज्याचं कुलूप आहे त्याला घेऊन या. त्यासाठी लोकांनी शिव्या घातल्या, तरी काका हटले नाहीत. आणि आता हे तारेने उघडायचं? पुन्हा एकदा लपवायला?

त्यांनी तार खिशात टाकली आणि कोपऱ्यावरच्या थांब्याकडे पळत सुटले. पळत म्हणजे काय, सत्तरीतला माणूस पळतो तसं. बस सव्वादोनला कोपऱ्यावरून जायची. दोन वाजून तेरा मिनिटं झाली होती.

बस आली. भरलेली होती. दार उघडलं आणि काका पहिल्या पायरीवर चढून दांडा धरून उभे राहिले. धाप लागली होती.

“काका, कुठे निघालात?” बसवाली हसली. “चढा, चढा, दार बंद करू दे.”

“चढायचं नाही मला. तुझ्या तळघराची किल्ली हवी आहे.”

“का? काय झालं?”

पहिल्या बाकावर पाववाला बसला होता, त्याच्या मागे शिवणवाल्या बाई. दोघेही मान पुढे करून बघायला लागले. काकांची कानशिलं तापली. पण खाली उतरायला जागा नव्हती, मागे दोन माणसं चढायला उभी होती.

“मला वास येत नाही,” काका म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “सर्दी नाही. दोन वर्षं झाली, कशाचाच येत नाही. सकाळी तुला चोख म्हणालो ते खोटं होतं. तुझ्या मागच्या पेटीत कुजलंय. हाताला लागलं होतं मला, तरी बोललो नाही.”



“अहो काका,” पाववाला उठून उभा राहिला, “गेल्या महिन्यात माझ्याकडे वास घेऊन गेलात ना तुम्ही?”

“गेलो होतो.”

“मग ते?”

“तेही असंच. जाऊन बघ. आजच बघ.”

पाववाला वाट काढत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत खाली उतरला. उतरताना त्याने काकांकडे बघितलं नाही. बसवाली स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर रस्त्याकडे बघत होती. मागच्या गाडीने भोंगा दिला. तिने जुडगा काढला आणि त्यातून किल्ली सोडवायला लागली. ती निघेना. नख तुटलं, तरी ती सोडवत राहिली.

“आधी झरोका उघडा, कोंडलेली हवा जाऊ दे,” किल्ली त्यांच्या हातात टाकत ती म्हणाली. “असं तुम्हीच सगळ्या गल्लीला शिकवलं होतंत.”

काका खाली उतरले, मागची दोघं चढली, दार बंद झालं आणि बस निघून गेली.

काकू तळघराच्या पायऱ्यांवर येऊन उभ्या होत्या, तोंडाला रुमाल बांधून, हातात दोन बादल्या. काकांनी किल्लीने कुलूप काढलं. दार उघडताच काकू एक पाऊल मागे सरल्या. “मागची रांग, खालची,” त्या रुमालातून म्हणाल्या. “उजवीकडची. आणि तिच्या वरच्या दोन पण.”

काकांनी झरोका उघडला, गुडघे टेकले आणि सुरुवात केली. प्रत्येक बटाटा हातात घ्यायचा, अंगठा फिरवायचा. घट्ट असेल तो पुसून डावीकडे, मऊ तो बादलीत. खालच्या पेटीत हात कोपरापर्यंत चिखलात गेला. वास येत नव्हता त्यांना, हे त्या वेळी बरंच होतं. काकू मात्र दोनदा बाहेर जाऊन श्वास घेऊन आल्या. दोन्ही वेळा परत आल्या.

पेटीच्या अगदी तळाशी काकांच्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. बटाट्याला खाच. दुसऱ्यालाही खाच. त्यांनी ते उजेडात आणले. कुदळीचे घाव लागलेले बटाटे, अठरा. असे बटाटे साठवायचे नसतात, लगेच खायचे असतात; गल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. आणि हे तर मुद्दाम तळाशी, एकाशेजारी एक लावून ठेवलेले होते.

“बघितलंस?” काका म्हणाले. काकूंनी ते एकेक करून वेगळे बाजूला ठेवले.

दिवस मावळायला आला तेव्हा तीन पेट्या गेल्या होत्या आणि अकरा वाचल्या होत्या. काकांनी झरोका बंद केला. घरी जाऊन काकूंनी आपल्या तळघरातल्या दोन पेट्या दाखवल्या आणि एवढंच म्हणाल्या, “या तिच्याकडे न्या.” काकांनी नेल्या. एकेक करून, चारदा थांबून. त्या रात्री दोघं पाव खाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसवाली तडक त्यांच्याकडे आली. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. शेजारी वर्तमानपत्रावर ते घाव लागलेले, काळे पडलेले अठरा बटाटे होते. ती रागाने काहीतरी बोलायलाच आली होती, चेहऱ्यावरून दिसत होतं. बटाटे बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

“हे मी...” ती म्हणाली. “खणताना कुदळ लागली. इतक्यांदा लागली की काकूंना सांगायची लाज वाटली. एवढं शिकवलं त्यांनी आणि मी असं केलं. टाकवत पण नव्हते. म्हणून तळाशी घातले. कोणी बघणार नाही असे.”

काकूंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा काकांकडे.

“तुम्हा दोघांना एकाच पेटीत भरायला हवं!” त्या म्हणाल्या.

बसवाली हसली नाही. ती काकांकडे वळली. “तुम्ही बसमध्ये सांगितलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पण सकाळीच सांगितलं असतं तर मीही सांगितलं असतं.” किल्ली घेऊन ती गेली. थांब्यावर पाववाला भेटला होता, त्याच्याकडचं सगळं धड निघालं, असं ती जाता जाता म्हणाली. पण तो पुढच्या वेळी काकूंना बोलावणार आहे.

काका खिडकीशी बसून राहिले. दारावर थाप पडणार नाही, हे त्यांना कळलं होतं. कडाका पडला होता आणि काचेवर बर्फ धरलं होतं.

संध्याकाळी काकूंनी सूप केलं. ताटली समोर ठेवली. वाफ वर आली, काकांनी चमचा उचलला आणि सवयीने वाक्य ओठांपर्यंत आलं. ते त्यांनी गिळलं. चमचा तसाच हातात धरून ते बसले.

“काय झालं? बोलत का नाही?” काकू म्हणाल्या.

“काय बोलू? आता खोटं बोलणार नाही.”

काकू खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि ताटलीवर वाकल्या.

“खाली लागलंय,” त्या म्हणाल्या. “जरासा करपट वास आहे. माझं लक्ष नव्हतं. मिरीचा वास पुढे येतोय, नाकात चढतोय. गाजराचा गोडसर आहे, पण तो मागे, हळूच.” त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला, नीट, डोळे मिटून. “सोमवारी मी पण येईन खाली. जेवा आता, निवेल.”